तिन्हीसांजेला रिकामा होणारा बाजार

"काय शोधताय हो भाऊ?" ताडगोळे सोलता सोलता मावशींनी विचारलं. हातात किल्ल्याच्या नकाशाची झेरॉक्स, डोक्यावर मे महिन्यातलं ऊन, आणि मी त्याच पडक्या कमानीला तिसऱ्यांदा वळसा घालत होतो. बाजार शोधतोय, म्हटलं. मावशींनी एकदा माझ्याकडे आणि एकदा नकाशाकडे पाहिलं. "बाजार होळीवर. बस येईल आता, तिच्यात बसा. इथं कुठला बाजार?"

होळी म्हणजे वसई गावातला होळी बाजार. त्यांचं उत्तर बरोबर होतं आणि माझा प्रश्नही चुकीचा नव्हता, कारण बाजार एके काळी इथंच भरत होता. १६९५ साली जेमेल्ली कारेरी नावाचा एक इटालियन वसईत उतरला. शिक्षणाने वकील, पण स्वतःच्या खर्चाने जगाला फेरी मारायला निघालेला गृहस्थ. त्याने लिहून ठेवलं आहे, की या शहरातले रस्ते रुंद आणि सरळ आहेत आणि मोठ्या चौकाभोवती, म्हणजे बाजाराभोवती, चांगल्या इमारती आहेत. आज बंदराकडच्या दरवाजातून आत येऊन बालेकिल्ल्याकडे निघालं की त्या इमारतींचे सांगाडे लागतात. भिंतींतून पिंपळ फुटलेले, चौकटींची लाकडं कधीच गेलेली, आणि मध्ये गवत. लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी सोडली तर वस्ती नाही.

युरोपातल्या जुन्या व्यापारी शहरांना असा चौक असायचाच. जर्मनीत ब्रेमेनला तो अजून नांदता आहे. एका अंगाला नगरसभेची इमारत, दुसरीकडे कॅथेड्रल, समोर व्यापाऱ्यांच्या संघाचं घर, आणि मध्ये हातात तलवार घेतलेला रोलांडचा दगडी पुतळा. १४०४ पासून तो तिथं उभा आहे. शहर आपल्या हक्काचं आहे, वरच्या सत्ताधीशाने इथं लुडबुड करू नये, हे सांगायला. पोर्तुगीज शहरांत रोलांडच्या जागी दंडस्तंभ असायचा, गुन्हेगाराला बांधून फटके मारण्याचा खांब. बाकी मांडणी तीच. सोळाव्या शतकात हा चौक जहाजात बसून आला आणि वसईच्या खाडीकाठी उतरला. दोनशे वर्षं तो कसा चालला आणि कसा मोडला, याची ही हकीकत.

आपल्याकडे वसईचा इतिहास म्हटला की थेट १७३९ आणि चिमाजी अप्पा. य. न. केळकरांच्या 'वसईची मोहीम'पासून शाळेतल्या धड्यापर्यंत सगळा भर त्या वेढ्यावर आहे, आणि तो का आहे हे समजण्यासारखं आहे. पण मोर्च्यांच्या बाजूने पाहिलेली वसई आणि चौकात उभं राहून पाहिलेली वसई वेगवेगळ्या दिसतात.

वसईचा व्यापार पोर्तुगीजांनी सुरू केला नाही. ते इथले मालक होण्याच्या वीस वर्षं आधी, १५१४ च्या सुमारास, दुआर्त बार्बोझा या पोर्तुगीज लेखकाने 'बशाई' नावाच्या बंदराची नोंद केली आहे. गुजरातच्या सुलतानाचं चांगलं बंदर, चारी दिशांची गलबतं येतात, मलबारातून सुपारी, नारळ आणि मसाले उतरतात, असं तो सांगतो. त्याही मागे जायचं तर शेजारचं सोपारा आहेच. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप खणला, अशोकाच्या आज्ञालेखाचा तुकडाही तिथं सापडला. सोपाऱ्याची खाडी गाळाने भरत गेली, वसई मात्र खोल पाण्याच्या तोंडाशी होती. इथून खाडीने आत शिरलं की ठाणे, भिवंडी, कल्याण, आणि तिथून पुढे घाट चढून देश. उत्तरेला गुजरात, दक्षिणेला मलबार, समोर अरबस्तान. बाजाराला आणखी काय लागतं?

गुजरातच्या बहादूरशहाने हे ठाणं सोडलं ते नाइलाजाने. उत्तरेतून हुमायून चालून येण्याची चिन्हं होती आणि समुद्रावर पोर्तुगीज दर हंगामात किनारा जाळत होते. दोन्हीकडे तोंड देणं शक्य नव्हतं. २३ डिसेंबर १५३४ रोजी पोर्तुगीजांच्या 'साव मातेउश' या जहाजावर तह झाला आणि वसई, तिच्या ताब्यातला मुलूख, बेटं आणि समुद्रासकट, गव्हर्नर नुनो द कुन्हाच्या हवाली झाली. त्या बेटांत मुंबईही होती, पण तेव्हा तिची कोणी दखल घेतली नाही.

या तहातलं एक कलम वाचण्यासारखं आहे. गुजरातेतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गलबतांनी आधी वसईला यायचं, परवाना घ्यायचा, मग पुढे निघायचं. परत येताना पुन्हा वसईलाच येऊन जकात भरायची. म्हणजे खंबायतच्या किंवा सुरतेच्या व्यापाऱ्याने वाट वाकडी करून आधी दक्षिणेला यायचं. बाजार हुकुमाने भरवता येतो, अशी समजूत या कलमाच्या मुळाशी होती. ते टिकलं नाही. वर्षाच्या आतच पोर्तुगीजांना दीवला किल्ला बांधायला मिळाला आणि वसईची सक्ती मागे पडली. पण ती समजूत काही त्यांनी सोडली नाही.

१५३६ साली किल्ल्याचं काम सुरू झालं. पहिला कप्तान गार्सिया द सा याने गव्हर्नर नुनो द कुन्हाच्या हुकुमावरून हा किल्ला बांधला, असा मजकूर कोरलेला शिलालेख होता. आधी झाला तो आतला छोटा बालेकिल्ला. पुढे त्याच्याभोवती शहर वाढत गेलं आणि शहराभोवती तट. सुमारे ११० एकरांचं हे शहर, बहुतेक बुरुजांना संतांची नावं, जमिनीकडे एक दरवाजा आणि बंदराकडे दुसरा. दोघांना जोडणारा मोठा रस्ता, आणि बंदराच्या अंगाला बाजाराचा चौक. चौकाच्या आसपास सत्तेची सगळी घरं होती. शहराची सभा भरायची ती कामाराची इमारत, कप्तानाचा वाडा, तुरुंग, गोरगरीब नि अनाथांसाठी चालणारी मिझेरिकॉर्दिया, आणि शहराचं मुख्य चर्च, सेंट जोसेफ. या चर्चच्या दर्शनी भिंतीवरचा लेख अजून वाचता येतो. १६०१ साली गोव्याचे आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांच्या काळात ते नव्याने बांधलं, असं त्यात म्हटलंय. त्याच्या मनोऱ्याच्या अंधाऱ्या, गोल जिन्याने वर गेलं की एकीकडे खाडी आणि दुसरीकडे ताडांचं रान दिसतं. शहर कुठे होतं, त्याची कल्पना तिथून येते.

चौकात काय विकलं जात होतं? मुलखाचं सोनं म्हणजे भात, ऊस, सुपारी, विड्याची पानं. मागच्या डोंगरातलं सागवान, आणि त्याच्यावर चालणारं जहाजबांधणीचं काम. आणि दगड. वसईचा दगड काळा, टणक, घडवायला चांगला. तो गलबतांत भरून गोव्याला जायचा. ओल्ड गोव्यातल्या बॉम जेझूच्या दर्शनी भागातला काळा दगड वसईचाच आहे, असं सांगतात. आज गोव्याला जाणारे हजारो लोक त्या दगडापुढे उभे राहून फोटो काढतात. तो जिथून निघाला तिथं मात्र रविवारचा क्रिकेटचा डाव रंगतो.

याच शहरात १५५६ च्या आसपास गोन्सालो गार्सिया जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथली. जेझुइटांबरोबर तो जपानला गेला आणि नंतर तिकडे व्यापार करू लागला. वसईच्या पोराला दुकान टाकायला जपान लांब वाटत नव्हतं, असा तो काळ होता. पुढे धंदा सोडून मनिलात तो फ्रान्सिस्कन झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्याला इतरांबरोबर क्रुसावर मारण्यात आलं. १८६२ साली रोमने त्याला संत म्हणून घोषित केलं. भारतात जन्मलेला पहिला संत. वसईकर त्याला आपला मानतात, सणाला मोठी गर्दी करतात. तो आधी व्यापारी होता, हे मात्र सहसा कोणी बोलत नाही.

शहर श्रीमंत होतं, त्यात शंका नाही. 'प्रांत उत्तर' या पोर्तुगीज मुलखाची ही राजधानी. गावंच्या गावं फिदाल्गो (पोर्तुगीज उमराव) घराण्यांना नाममात्र साऱ्यावर तोडून दिलेली असत. वैद्य आणि वनस्पतींचा अभ्यासक गार्सिया द ओर्ता याच्याकडे मुंबई बेट असंच होतं. वर्षाचा सारा भरायचा आणि बेट आपलं. असे जमीनदार वसईत हवेल्या बांधून राहत, पालख्यांतून फिरत. १६७५ मध्ये इथं आलेला ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर याने या दुमजली घरांचं वर्णन केलंय. झाकलेले सज्जे, मोठ्या खिडक्या, आणि काचेऐवजी घासून पातळ केलेले शिंपले. सहा चर्च, चार मठ, दोन महाविद्यालयं मोजून त्याने कागदावर टिपली.

आणि जाता जाता त्याने एक गोष्ट नोंदवली, जिच्यासाठी मी त्याचा ऋणी आहे. तटाच्या आत फक्त ख्रिश्चन राहतात. संध्याकाळचा ताशा वाजला की बनिये आपापल्या घरी, तटाबाहेरच्या वस्तीत निघून जातात.

हे एकच वाक्य, पण मी त्याच्यापाशी बराच वेळ थांबलो. बाजाराच्या चौकातला दिवस डोळ्यासमोर आणून पाहा. सकाळी दरवाजे उघडतात. मारवाडी, गुजराती, कोकणी व्यापारी कापडाच्या गाठी, सुपारीची पोती, हुंड्या नि चोपड्या घेऊन आत येतात. दिवसभर भाव चालतात, कर्ज दिलं जातं, जकात भरली जाते. फिदाल्गोंच्या हवेल्यांचा खर्च, कप्तानाच्या गलबतांचा माल, चर्चच्या उत्पन्नाचा हिशेब, सगळं या लोकांच्या बोटांवरून जातं. मग सूर्य खाली येतो, ताशा वाजतो, आणि ज्यांच्यामुळे चौक चालतो ते सगळे दरवाज्याच्या बाहेर. आत उरतात मालक, पाद्री, शिपाई, आणि घरोघरी राबणारे गुलाम. १६३४ च्या सुमाराला शहरात चारशे पोर्तुगीज कुटुंबं आणि दोनशे इथल्या ख्रिश्चनांची कुटुंबं असल्याची नोंद आहे. गुलामांची संख्या याहून कितीतरी जास्त होती.

हे नियम निव्वळ गर्वातून आले नव्हते. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, सुरू झालं होतं आणि त्याची सावली उत्तरेवर पडत होती. देवळं पाडली गेली, सण-विधींना बंदी आली, अनाथ मुलं ताब्यात घेऊन त्यांचा धर्म बदलण्याचे हुकूम निघाले. तटाबाहेरच्या बनियाला बाहेर निदान आपला देव तरी पुजता येत होता. तरी जिथं रात्री झोपायची परवानगी नाही, तिथं माणूस माल ठेवतो, भांडवल ठेवत नाही.

वसई उतरणीला कशाने लागली, याची कारणं एका माळेत ओवता येणार नाहीत. समुद्रावरची पोर्तुगीज पकड सैल होत गेली. १६२२ ला हुर्मुझ गेलं, १६४१ ला मलाक्का, १६५० ला मस्कत, १६६३ ला कोचीन. मस्कत गेल्याचा फटका वसईला थेट बसला. १६७४ साली मस्कतचे सहाशे अरब वसईला उतरले, तटाबाहेरची सगळी चर्च त्यांनी लुटली, लोकांचे हाल केले, आणि आतली फौज तट धरून बसून राहिली. तटाबाहेर राहणं म्हणजे काय, हे त्या वेळी बाहेरच्यांना नीट कळलं असेल. त्याच वर्षी शिवाजी महाराजांचे पेशवे मोरोपंत कल्याणला होते आणि वसईकडे चौथाई मागत होते. त्यात नव्वदच्या दशकात साथ आली. कारेरी आला तेव्हा शहराचा उत्तरेकडचा भाग तिच्यामुळे ओस पडलेला त्याने पाहिला. ज्या चौकाची त्याने तारीफ केली, त्याच्या मागची आळी रिकामी होती.

पण माझ्या मते सगळ्यात खोल घाव तलवारीने किंवा साथीने घातलेला नाही. १६६१ च्या लग्नाच्या तहात पोर्तुगालच्या राजाने आपली बहीण कॅथरीन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली, आणि तिच्याबरोबर ते दुर्लक्षित मुंबई बेट. १६६५ ला ते इंग्रजांच्या हाती आलं, १६६८ ला चार्ल्सने ते ईस्ट इंडिया कंपनीला दिलं. वसईच्या फिदाल्गोंना हे मुळीच पसंत नव्हतं, ताबा द्यायला त्यांनी शक्य तेवढी खळखळ केली. मुंबईत तेव्हा होतं काय? दलदल, नारळ, कोळ्यांची गावं, आणि हिवताप.

मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याने ते बेट भरण्यासाठी जे केलं ते वसईच्या कामारात कोणाला सुचलं नाही. त्याने व्यापाऱ्यांना बोलावलं आणि शब्द दिला की तुमच्या धर्माला हात लागणार नाही. दीवच्या नीमा पारेख या बनियाने तर १६७७ मध्ये कंपनीबरोबर करारच केला: आपल्या लोकांना बेटावर राहू द्यावं, आपल्या रीतीप्रमाणे पूजाअर्चा करू द्यावी, प्रेतं दहन करू द्यावीत, कोणावर धर्मांतराची सक्ती होऊ नये. दीवसुद्धा पोर्तुगीजांचंच. म्हणजे पोर्तुगीजांच्याच एका बंदरातला व्यापारी, पोर्तुगीजांनीच देऊन टाकलेल्या बेटावर, पोर्तुगीजांनी नाकारलेली गोष्ट मागून घेत होता. वसईच्या बनियांना ही बातमी कळली नसेल असं कोण म्हणेल? खाडी ओलांडायला एक भरती पुरते.

तेव्हा १७३७ साली मराठे खाडीवर उतरले, ते भरभराटीत असलेल्या शहरावर चालून आले नाहीत. आग मात्र खरी होती. पोर्तुगीज राजवटीच्या धार्मिक जाचाने पिचलेल्या लोकांची गाऱ्हाणी घेऊन अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ बरीच वर्षं पुण्याच्या दाराशी जात होते. खाडीच्या वाटा, भरती-ओहोटीच्या वेळा, कुठला कप्तान कुठे आहे, हे सगळं त्यांना ठाऊक. मार्च १७३७ मध्ये चिमाजी अप्पांनी ठाणं घेतलं. तिथला पोर्तुगीजांचा नवा किल्ला अजून अर्धवटच बांधलेला होता. साष्टी बेट पोर्तुगीजांच्या हातातून गेलं आणि वसईची रसद तुटली. तेव्हाच वसईवर केलेले हल्ले मात्र फसले. शिड्या लावून चढण्यासारखा हा तट नव्हता.

१७३९ च्या सुरुवातीला माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर एकेक करून पडले. तारापूरला मराठ्यांचे बाजी भिवराव रेठरेकर धारातीर्थी पडले. फेब्रुवारीत शंकराजी केशव फडक्यांनी वसईला वेढा घातला, चिमाजी अप्पा स्वतः येऊन बसले, पुढे मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदेही पोचले. तीन बाजूंना पाणी आणि चिखल. उत्तरेकडचा वाळूचा पट्टा तेवढा कोरडा. त्या वाळूतून मोर्चे पुढे सरकवत, खंदक खणत, मराठे सेंट सेबास्टियनच्या बुरुजाखाली सुरुंग नेत गेले. आत कप्तान सिल्वेरा द मेनेझिस मारला गेला. चर्चमधली चांदी मुंबईच्या इंग्रजांकडे गहाण ठेवून थोडं कर्ज आणि थोडी दारू मिळाली. फौज मिळाली नाही. मे महिन्यात सुरुंग उडाले. एक वेळेआधी, एक वेळेनंतर, आणि धुरात आत घुसलेली माणसं आपल्याच सुरुंगात गेली. किल्ल्यात जाता येत नसेल तर माझं डोकं तरी तोफेने आत उडवा, असं चिमाजी अप्पा म्हणाल्याची कथा महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. ती घडली असो वा नसो, हजारोंनी माणसं गमावलेल्या सेनापतीची घालमेल तिच्यात आहे.

१६ मे १७३९ ला मेनेझिसच्या जागी आलेल्या केतानु द सोझा परेरा याने शरणागतीच्या अटींवर सही केली. अटी उदार होत्या. फौजेने हत्यारांसह, मानाने बाहेर पडावं, ज्याला जायचं त्याने आठ दिवसांत मालमत्ता घेऊन जावं, ज्याला राहायचं त्याने आपला धर्म पाळून राहावं, आणि तीन चर्चना हात लागू नये. २३ मेला ताशा शेवटचा वाजला आणि या वेळी फिदाल्गो दरवाज्याबाहेर पडले. चर्चच्या घंटा हत्तींवरून देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातल्या घंटेवर १७२१ हे साल आहे; भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्याजवळच्या घाटावर, अशाच घंटा आहेत. चिमाजी अप्पांनी बोललेल्या नवसाप्रमाणे वज्रेश्वरीचं देऊळ उभं राहिलं. शहराला बाजीपूर हे नाव मिळालं, पण ते काही टिकलं नाही. लोक वसईच म्हणत राहिले.

बाजाराचं काय झालं, हे पाहायला खाडीच्या पलीकडे जावं लागतं. वसई पडताच मुंबई हादरली. तिथल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून तीस हजार रुपये जमवले आणि आपल्या कोटाभोवती खंदक खणायला दिले. वसईच्या व्यापाऱ्यांनी असा खंदक कधी खणला असता? त्यांना तर तटाच्या आत पाठ टेकायचीही मुभा नव्हती. आणि जुलैमध्ये, वसई पडून दोन महिने होतात न होतात तोच, कंपनीचा कॅप्टन इंचबर्ड चिमाजी अप्पांशी तह करून मराठी मुलखात व्यापाराची मोकळीक घेऊन आला. लढाई मराठ्यांनी जिंकली आणि बाजार इंग्रजांनी नेला, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. मराठ्यांनी वसईत सुभा ठेवला, माणसं वसवली, आरमाराचं काम चालवलं, पण शहराचा मोठा चौक काही पुन्हा भरला नाही.

पुढचं थोडक्यात. डिसेंबर १७८० मध्ये इंग्रजांच्या जनरल गॉडर्डने वेढा घालून वसई घेतली, सालबाईच्या तहाने ती मराठ्यांकडे परत आली. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुणं मारल्यावर पळत आलेल्या दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबरला इथंच इंग्रजांच्या तैनाती फौजेचा तह केला. चिमाजी अप्पांच्या किल्ल्यात त्यांच्या नातवाच्या पिढीने पेशवाई गहाण टाकली. १८२५ मध्ये बिशप हेबर आला तेव्हा शहर ओसाड होतं. वापरातली गोष्ट म्हणून त्याला एक छोटं देऊळ दिसलं. नंतर लिटलवुड नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने किल्ल्याची जमीन भाडेपट्ट्याने घेऊन आत साखरेचा कारखाना काढला, तोही बुडाला. १८७६ साली गोव्याचे डॉक्टर जर्सन द कुन्हा यांनी चौल आणि वसईवरचं पुस्तक लिहिलं, तेव्हा ते रानातून वाट काढत शिलालेख वाचत फिरत होते.

तोवर रेल्वे आली होती. १८६४ पासून वसई रोड स्टेशनातून गाड्या धावू लागल्या आणि वसईच्या वाड्यांतला माल, केळी, पानं, फुलं, भाजी, दूध, पहाटेच्या गाडीने थेट मुंबईच्या बाजारात उतरू लागला. शेवटी वसईचा बाजारही मुंबईलाच गेला, तोही पाटीत बसून. इथं उरला तो होळीचा, पापडीचा, आगाशीचा गावगाडा. फिदाल्गो गेले तरी वाड्या कसणारे इथले ख्रिश्चन, वाडवळ, भंडारी, कोळी राहिले होतेच. बावखलातलं, म्हणजे वाडीतल्या तळ्यातलं, पाणी आणि आगरातली माती त्यांचीच होती. चौकाने त्यांच्या तोंडात काही शब्द मागे ठेवले. पगार, चावी, बिजागरी, घमेलं, पिंप, बालदी. आणि लिलाव. किल्ल्याच्या बंदर दरवाजाबाहेर किल्लाबंदर आणि पाचूबंदर ही कोळ्यांची गावं आहेत. तिथं होड्या लागल्या की मासळीचा लिलाव होतो, आणि बोली लावणाऱ्या कोळणीला तो शब्द तिच्या आजीचा वाटतो.

दुपार कलली तसा मी पुन्हा त्या कमानीपाशी आलो. बालेकिल्ल्याच्या दारावरच्या राजचिन्हावर ऊन तिरपं पडलं होतं. मावशींची टोपली रिकामी होत आली होती, सालींचा ढीग पायाशी. उरलेले चार ताडगोळे त्यांनी मला दिले, पैसे नको म्हणाल्या, मग घेतले. "मिळाला का बाजार?" मी हो म्हटलं. त्यांनी कोयता फडक्यात गुंडाळला, टोपली डोक्यावर घेतली आणि अंधार पडायच्या आत बंदर दरवाजातून किल्लाबंदरच्या वाटेला लागल्या.